साचा, सेटर आणि नियमांची वही

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरून जाताना जे काचेचे उंच मनोरे दृष्टीस पडतात, त्यांच्याच पाठीमागे, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या भिंतींच्या आड, औद्योगिक वसाहतींच्या जुन्या इमारती अद्याप तग धरून आहेत आणि त्यांतील काही गाळ्यांत इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रे अजूनही चालतात, ही गोष्ट त्या मनोऱ्यांत बसून काम करणाऱ्या कित्येकांच्या खिजगणतीतही नसावी. चेंबूरला पॉलिचेम कंपनीने १९५७ साली पॉलिस्टायरिन तयार करण्यास आरंभ केला, त्यानंतर फण्या, बटणे, डब्यांची झाकणे, बाटल्यांची बुचे आणि पुढे विजेच्या सामानाचे नाना भाग यांचा जो पसारा या शहरात वाढला, त्याच्या मुळाशी प्लास्टिकचा दाणा, साचा आणि यंत्र या तीन वस्तू होत्या. परंतु या तिहींचा मेळ घालणारा जो चौथा, म्हणजे बॅरलची उष्णता, स्क्रूचा वेग, भरण्याचा व नंतर धरून ठेवण्याचा दाब आणि थंड होण्याची वेळ ठरवणारा सेटर, त्याची दखल ना मालकाच्या ताळेबंदाने घेतली, ना सरकारी दप्तराने. त्याचे सारे शास्त्र तेलाच्या बोटांनी मळलेल्या एखाद्या वहीत आणि त्याहून अधिक त्याच्या कानांत व बोटांत साठलेले असे.

हे शास्त्र त्याच्यापासून काढून घेऊन, म्हणा अथवा त्याच्याकडून समजावून घेऊन, गणकयंत्रात नियमांच्या रूपाने बसवावे, ही तज्ज्ञ-प्रणालीची कल्पना आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात 'मायसिन' नावाची प्रणाली रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान सुमारे पाचशे नियमांच्या आधारे करू लागली. आपल्याच जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने अशा प्रणाली रचण्यासाठी 'विद्वान' नावाची चौकट तयार केली. आणि मेलबर्नमध्ये १९७८ साली स्थापन झालेल्या मोल्डफ्लो या संस्थेने शतक पालटण्याच्या सुमारास 'प्लास्टिक्स एक्स्पर्ट' ही खास मोल्डिंगसाठीची प्रणाली बाजारात आणली, जी यंत्राशी जोडली असता पहिली मांडणी सुचवी, निघालेल्या मालातील दोष विचारी, त्याप्रमाणे आकडे बदलवी आणि शेवटी ते किती मागेपुढे झाले तरी माल चांगला निघतो याची हद्द आखून देई.

पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील मते मात्र मी या ना त्या तोंडून ऐकलेली आहेत. मामा लालबागच्या चाळीत वाढलेले, एका गाळ्यातील फोरमन, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. भाची माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला जुनी माणसे अद्याप यूडीसीटी म्हणतात, प्लास्टिकचा अभ्यास केलेली. दादरला बहिणीच्या घरी, आषाढातल्या एका रविवारी, मालकाने अशी प्रणाली घेण्याचे ठरवून मामांकडे त्यांची वही मागितली आहे, या वार्तेवरून विषय निघाला.

मामा : वही देण्यास माझी ना नाही. पण त्या वहीत जे आहे त्याने यंत्र चालते, अशी जी शेठची समजूत झाली आहे, तिचे मला हसू येते. वहीत आकडे आहेत. अमुक साच्याला अमुक उष्णता, अमुक दाब. ते आकडे त्या दिवसाचे, त्या दाण्याचे, त्या यंत्राचे. दुसऱ्या यंत्रावर तोच साचा चढवला की तेच आकडे खोटे पडतात.

भाची : मामा, हेच तर आमचेही म्हणणे आहे. आकडे यंत्राचे असतात, प्लास्टिकचे नसतात. पडद्यावर दोनशे वीस अंश दिसले म्हणजे वितळलेले प्लास्टिक दोनशे वीस अंशांवर आहे असे नव्हे. तो बॅरलच्या पोलादातल्या थर्मोकपलचा आकडा. म्हणून चांगली प्रणाली आकडे पाठ करत नाही, नियम पाठ करते. भरणे पुरे होण्याआधी माल अर्धवट निघत असेल, तर प्रथम काय तपासावे, मग काय बदलावे, किती बदलावे आणि त्याने सुधारले नाही तर मागे कसे यावे, हा क्रम तिच्यात असतो.

मामा : क्रम माझ्यातही आहे. मुद्दा वेगळा आहे. तुझ्या त्या प्रणालीच्या हातात काय काय आहे? उष्णता, दाब, वेग, वेळ. म्हणजे यंत्रावरची बटणे. आता समज, झाकणाच्या एका कडेला काळा डाग येतो आहे, माल जळतो आहे. तुझी प्रणाली काय सांगेल?

भाची : भरण्याचा वेग कमी करा, असे सांगेल. आतली हवा बाहेर पडायला अवकाश मिळत नाही, ती दाबली जाऊन तापते आणि प्लास्टिक जाळते.

मामा : बरोबर. वेग कमी केला की डाग जातो. मग दोन दिवसांनी तक्रार येते की झाकण जोडावर तडकते. का, तर वेग कमी केल्याने दोन बाजूंनी येणारे प्लास्टिक थंड होऊन भेटले आणि नीट सांधले नाही. आता प्रणाली उष्णता वाढवील. उष्णता वाढली की थंड व्हायला वेळ लागणार, माल कमी निघणार. आणि मूळ कारण काय होते? साच्यात हवा निघण्यासाठी केसाहून बारीक खाचा असतात, मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांच्या. त्यांत चिकटा बसला होता. साचा उघडायचा, पितळी तुकड्याने आणि रॉकेलने त्या खाचा साफ करायच्या, की वेग जुना, उष्णता जुनी, माल चांगला. कारण बटणांच्या बाहेर असले तरी ही प्रणाली त्याचे उत्तर बटणांतच शोधत बसते, आणि गंमत अशी की तिला ते सापडतेही. म्हणून तर ती धोक्याची.

हा आक्षेप वरवरचा नाही, हे मला येथे मध्येच नमूद केले पाहिजे. दोष बुजवणे आणि कारण दूर करणे यांतील अंतर ज्याला दिसत नाही, अशा सल्लागाराला पहिल्या पाळीत यश मिळते आणि त्याचे देणे तिसऱ्या पाळीला फेडावे लागते; आणि मोल्डिंगच्या धंद्यात पाळ्या बदलत असल्याने देणे कोणाच्या खाती पडले हे कोणाला उमगतही नाही.

भाची : मान्य. पण मामा, खाचा साफ करा हा नियम लिहायला कोणी मनाई केली आहे? 'मागच्या आठवड्यापर्यंत याच मांडणीवर माल चांगला निघत होता का?' एवढा एकच प्रश्न प्रणालीने प्रथम विचारावा. उत्तर होय असेल, तर बटणांना हात लावू नये. बदलले काय ते शोधावे. साचा मळला, दाणा बदलला, पाणी गरम झाले, स्क्रूच्या टोकाची कडी झिजली. उत्तर नाही असेल, तरच मांडणी नव्याने करावी. तुम्ही नेमके हेच करता. फक्त प्रश्न मोठ्याने विचारत नाही.

मामा : (थांबून) हे खरे आहे. मी विचारत नाही. मला दिसते.

भाची : आणि तुम्ही सुटीवर गेलात की कोणाला दिसते?

मामा : कोणाला दिसत नाही. म्हणून तर सुटीत फोन येतात.

भाची : मग ऐका. कॅम्पबेल नावाची अमेरिकेतली सूप करणारी कंपनी. डबाबंद सूप निर्जंतुक करण्याची तिची उंच यंत्रे होती, आणि ती बिघडली की काय करावे हे आल्डो सिमिनो नावाच्या एकाच जुन्या माणसाला ठाऊक होते. चाळीसहून अधिक वर्षे त्याने तेच काम केले होते. तो निवृत्तीला आला तेव्हा १९८० नंतरच्या दशकात कंपनीने त्याच्याशी महिनोन् महिने बोलून दीडशेच्या घरात नियम लिहून काढले आणि ते गणकयंत्रात बसवून निरनिराळ्या कारखान्यांना पाठवले.

मामा : चांगले केले. आणि तो घरी गेल्यावर नव्या जातीचे यंत्र आले, तेव्हा नवा नियम कोणी लिहिला?

भाचीने या प्रश्नाला तत्काळ उत्तर दिले नाही, आणि ते योग्यच केले. कारण अशा प्रणालींच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न हाच ठरला आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आपल्या संगणकांची जुळणी ठरवण्यासाठी एक्सकॉन ही प्रणाली १९८० च्या सुमारास वापरात आणली. तिचे नियम शेकड्यांवरून हजारोंवर गेले, आणि प्रत्येक नव्या संगणकाबरोबर ते नियम सांभाळणे हेच एक स्वतंत्र खाते होऊन बसले. एक नियम बदलला की दुसरा कोठे अडखळेल याची खात्री कोणी देऊ शकत नसे. सेटरची वही, तिच्यात शंभर खाडाखोडी असल्या, तरी निदान एका माणसाच्या आवाक्यात असते.

भाची : नवा नियम कारखान्यातल्याच माणसाने लिहावा, बाहेरच्याने नव्हे, एवढे माझे म्हणणे. आणि मामा, सगळेच काही नियम नसतात. काही गोष्टी मोजायच्या असतात, तर्काने काढायच्या नसतात. दाब किती वेळ धरून ठेवायचा, हे तुम्ही कसे ठरवता?

मामा : माल दबलेला दिसेनासा होईपर्यंत. मग वर एक सेकंद.

भाची : मी सांगते तसे एकदा करा. धरण्याची वेळ एकेक सेकंदाने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी निघालेला नग तोला. वजन वाढत जाईल. एका ठिकाणी ते वाढायचे थांबेल. तेथे साच्याचे तोंड, म्हणजे गेट, गोठले. त्यापुढे तुम्ही कितीही दाबा, आत काही जात नाही, नुसती वीज जाते. यासाठी प्रणाली नको, सेन्सर नको. सोनाराकडे असतो तसा एक बारीक काटा पुरे.

मामा : नग तोलायचे! आम्ही ते शेठला माल किती गेला हे कळावे म्हणून तोलत होतो.

भाची : आणि तो वरचा एक सेकंद. दिवसाला किती नग निघतात?

मामांनी उत्तर दिले नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता. माझ्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत मोलाची वस्तू हा काटाच होय. कारण जी तज्ज्ञ-प्रणाली केवळ दोषांच्या रूपावरून, दबलेला, जळलेला, अर्धवट, कडेने पदर सुटलेला, असे शब्द ऐकून उपाय सुचवते, ती चेहरा पाहून औषध देणाऱ्या वैद्यासारखी असते; आणि जी वजन, स्क्रूपुढे उरणाऱ्या प्लास्टिकची गादी म्हणजे कुशन, भरण्याची वेळ, साच्याच्या आतील दाब ही मापे घेऊन मग बोलते, तिचे नियम थोडे असले तरी बळकट असतात. मामांना मापांचा तिटकारा नव्हता. त्यांना मापांचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जाण्याचा संशय होता, आणि तो संशय पुढे बाहेर पडलाच.

मामा : बरे, मोजण्याचे झाले. आता हवामानाचे बोल. या दिवसांत मी नायलॉन चालवतो. नायलॉन पाणी पिते. आमच्या हॉपरवर, म्हणजे दाणा ओतायच्या नरसाळ्यावर, गरम हवेचा ड्रायर आहे. बाहेरची हवा ओढायची, ऐंशी अंशांवर तापवायची आणि दाण्यांतून सोडायची. जानेवारीत चार तासांत दाणा कोरडा. जुलैत परळची हवा स्वतःच भिजलेली. तीच ओली हवा तापवून दाण्यावर सोडली तर दाणा किती कोरडा होणार? मग ओला दाणा बॅरलमध्ये पातळ होतो, नोझलमधून आपोआप गळतो, साच्याच्या फटीतून पदर सुटतो. आता तुझी प्रणाली पदर पाहून म्हणेल, दाब कमी करा.

भाची : म्हणेल. ज्याने नियम लिहिले त्याच्या गावी जुलैत दवबिंदू पंचवीस अंशांवर नसतो आणि त्याच्या ड्रायरमध्ये ओलावा शोषून घेतलेली, शून्याखाली बऱ्याच अंशांवर दवबिंदू असलेली हवा फिरते. म्हणून 'दाणा चार तास वाळवला का?' एवढेच तो विचारतो. तुम्ही 'होय' म्हणता, आणि दोघेही खरे बोलून दोघेही फसता.

मामा : मग हा नियम कोण लिहिणार?

भाची : तुम्ही. 'ड्रायर कोणत्या जातीचा, आणि महिना कोणता?' हे दोन प्रश्न तुमच्याशिवाय कोणाला सुचणार?

मामा : आणि दाण्याचे? आमच्याकडे कधी नवा दाणा येतो, कधी धारावीच्या तेरा कंपाऊंडमधून पुनर्वापराचा येतो, त्यात आमच्याच रनरचा, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेल्या प्लास्टिकचा, चुरा मिसळतो. दर गोणीला पातळपणा वेगळा.

भाची : त्यालाही माप आहे. पॉलिप्रॉपिलीन असेल तर दोनशे तीस अंशांवर, दोन किलो एकशे साठ ग्रॅम वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहते ते पाहायचे. आणि तेवढे यंत्र नसेल, तर भरण्याचा वेग तोच ठेवून लागणारा दाब रोज लिहून ठेवा. दाब घसरला की दाणा पातळ आला.

मामा : बरे, चाचण्यांचे सांग. शेठला कोणीतरी सांगितले आहे की ही प्रणाली मोजक्या आठ चाचण्यांत सगळे ठरवते. सात गोष्टी आहेत. प्रत्येक वर किंवा खाली. माझ्या हिशेबाने एकशे अठ्ठावीस जोड्या होतात. आठांत कसे काय उरकते?

भाची : तागुचींची रीत. जपानचे गेनिची तागुची. १९५४-५५ साली ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. आठ चाचण्या अशा निवडायच्या की प्रत्येक गोष्ट चार वेळा वर आणि चार वेळा खाली येते, आणि इतर गोष्टींचा समतोल राहतो. पण तुमची शंका रास्त आहे. दोन गोष्टी मिळून तिसराच परिणाम करत असतील, जसे उष्णता आणि वेग, तर आठ चाचण्यांत तो परिणाम दुसऱ्याच कोणाच्या नावावर चढतो. हे जो विकतो तो सांगत नाही.

मामा : मी ते सांगू शकलो असतो. उष्णता आणि वेग मी कधीच एकटे बदलत नाही.

भाची : म्हणूनच चाचण्या मांडताना तुम्ही हवेत.

येथपर्यंत वाद तंत्राचा होता. चहा झाल्यावर मामांनी त्याला वेगळे वळण दिले, आणि गिरणगावात वाढलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभून दिसले.

मामा : तुला जॉबर ठाऊक आहे? गिरणीतला जॉबर. कोणाला मागावर घ्यायचे, कोणाला परत पाठवायचे, हे त्याच्या हाती. माग तोच दुरुस्त करणार, माणूस तोच भरणार. तुम्ही ज्ञान लिहून घेता म्हणजे तो जॉबर मोडता, असे तू म्हणशील.

भाची : म्हणेन. जॉबरची दस्तुरी कशावर उभी होती? त्याला जे येत होते ते दुसऱ्या कोणाला येऊ न देण्यावरही काही अंशी. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने १९३१ साली आपल्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर आणि लाचखोरीवर कोरडे ओढले आहेत. मामा, तुमच्या गाळ्यातला हेल्पर किती वर्षे तुमच्या हाताखाली आहे? त्याला एकट्याने साचा लावता येतो का?

मामा : येत नाही. मी शिकवले नाही असे नाही. त्याने विचारले नाही. (जरा वेळाने) मी विचारू दिलेही नसेल. पण दुसरी बाजूही ऐक. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, कशावरून? मालकांनी म्हटले, आम्ही काम शास्त्रशुद्ध करतो. शास्त्रशुद्ध म्हणजे काय, तर विणकराने दोन मागांऐवजी तीन सांभाळायचे. शास्त्र खरेच होते गं. पण जो माग वाढला त्याचा हिशेब कोणाच्या खिशात गेला, यावर संप झाला. आता तुझी प्रणाली आली, म्हणजे एक सेटर चार यंत्रांऐवजी आठ सांभाळणार. वही माझी, वाढलेली चार यंत्रे कोणाची?

भाची : याचे उत्तर प्रणालीत नाही.

मामा : नाहीच. ते पगारपत्रकात आहे. म्हणून वही देण्यापूर्वी मी शेठशी पगारपत्रकाची गोष्ट बोलणार आहे. माझ्यासाठी नाही, माझे दिवस झाले. त्या हेल्परसाठी. त्याला सेटरचा हुद्दा आणि सेटरचा पगार, असा लेखी करार. मग वही त्याच्याच हाताने प्रणालीत उतरवायची. मी शेजारी बसतो.

भाची : हे मला सुचले नव्हते.

मामा : आणि एक. प्रत्येक नियमाखाली तारीख, साच्याचा क्रमांक, दाण्याची जात आणि ज्याने तो नियम सांगितला त्याचे नाव. कारण एक ना एक दिवस तो खोटा ठरेल, तेव्हा तो का लिहिला होता हे कोणाला तरी विचारता आले पाहिजे.

भाची : मामा, मालकाने पाहिलेल्या त्या प्रणालीत नियमाला नाव जोडायची सोयच नाही. नियम, त्याचे कारण आणि खात्रीचे प्रमाण, एवढेच रकाने.

मामा : मग शेठला सांग, आणखी एक रकाना वाढवून मागा, नाहीतर दुसऱ्या कोणाची घ्या. तो जुलैतल्या नायलॉनचा नियम आधी कागदावर तरी लिहून काढ बघू. पहिला प्रश्न ड्रायरचा नको. पहिला प्रश्न, गोणी कधी उघडली?

भाची : ड्रायर आधी. गोणी कालच उघडली असली तरी ड्रायर गरम हवेचा असेल तर व्यर्थ.

मामा : गोणी आधी. आठवडाभर उघडी पडलेली गोणी तुझा शोषक ड्रायरही चार तासांत वाळवत नाही. लिही.